वर्डेलबाईंच्या घराची किल्ली

किल्लीने कुलूप उघडलं आणि नवे मालक दारातच थिजले. स्वयंपाकघरात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वर्डेल गॅस्किन्स घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

“कोण रे तुम्ही?”

“आम्ही तासाभरापूर्वी हे घर विकत घेतलं, आजी.”

“विकलं कुणी?”

दोन दिवसांनी जॉर्जियाच्या घरदलाल परवाना मंडळाची तपासनीस नेल प्रॉक्टर त्याच स्वयंपाकघरात बसली होती. समोर वर्डेल, त्यांची कॅलिफोर्नियाहून धावत आलेली मुलगी रोशेल, आणि हे घर विकून देणारा दलाल कर्टिस बेल. कर्टिस मूळचा ॲरिझोनाचा. तिथल्या परवान्यावर त्याला इथला मिळाला होता, फक्त इथल्या कायद्याची परीक्षा द्यावी लागली. गावाने त्याला चोर ठरवून टाकलंच होतं. उपरा माणूस हाताशी असला की गावाला डोकं चालवावं लागत नाही.

“घर विकणारीला भेटलास?” नेलने विचारलं.

“नाही, मॅडम. सगळं ईमेलवर. सह्या केलेले कागद आणि किल्ली टपालाने आली.”

“न भेटता? लाज नाही वाटली?”

“आता वाटते.”

रोशेल उसळली, “आणि सरकारी नोंद व्हायच्या आत यानं किल्ली दिलीच कशी? माझ्या आईच्या घरात परकी माणसं घुसली!”

नेलने वर्डेलच्या नावाने आलेला ईमेल वाचून दाखवला. ‘मी व्यवहाराला येणार नाही. किल्ली नेहमीप्रमाणे नोंदीनंतरच द्या.’ खाली कर्टिसचं उत्तर होतं. ‘इथे वकिलाच्या टेबलाशी सह्या होताच किल्ली देतात. मी तशीच देईन.’

“आजी, हे घर घेतलंत तेव्हा किल्ली कधी मिळाली?”

“तिथल्या तिथे, टेबलावर. आमच्या ह्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली होती.”

“रोशेल, तू काय काम करतेस?”

“घरांच्या व्यवहारांच्या कचेरीत आहे.” तिचा आवाज उतरला. “अठरा वर्षं.”

“तुमच्याकडे कॅलिफोर्नियात दोन्ही पक्ष वेगवेगळ्या सह्या करतात आणि किल्ली नोंदीनंतर मिळते. हा ईमेल लिहिणाऱ्याला तीच रीत ठाऊक होती. कर्टिसने इथली रीत शिकून घेतली आणि नेमकी तीच पाळली. आजीचं आयुष्य इथे गेलं, त्या ‘नेहमीप्रमाणे’ असं लिहिणार नाहीत. घराची दुसरी किल्ली तुझ्याकडेच होती. कर्टिसचं उत्तर तू नीट वाचलंच नाहीस; आईला हलवायला नोंदीपर्यंत चार दिवस हातात आहेत, असं धरून चाललीस.”

“शनिवारी तुला माझ्याकडे नेणार होते, आई,” रोशेल म्हणाली. “तू हो म्हणालीच नसतीस.”

“आणि पैसे?” वर्डेलनी विचारलं.

रोशेलने पर्स जवळ ओढली. वर्डेलना वाटलं, हिला जन्म दिला तेव्हाही एवढं दुखलं नव्हतं.

“हिचं काय होईल?” त्यांनी नेलला विचारलं.

“खोटी सही आहे, आजी. तुरुंग.”

वर्डेलनी विक्रीचा कागद ओढून घेतला. सही बराच वेळ पाहिली.

“खोटी कशी? माझीच आहे. म्हातारपणी विसरते मी.”

“आजी, हा जबाब दिलात तर घर हातचं जाईल.”

“कळतं गं मला.”

रोशेल हुंदका देत त्यांचा हात धरायला गेली. वर्डेलनी आपला हात मागे, मांडीवर ओढून घेतला.

“घर रिकामं करायला,” त्यांनी नेलला विचारलं, “किती दिवस मिळतील?”