खडकावरची बाई

सकाळी आईला आंघोळ घालताना तिच्या बेंबीखालच्या उभ्या व्रणाला मी नेहमीसारखा हलक्या हातानं साबण लावला. मला पोट फाडून बाहेर काढलं, तेव्हाचा तो व्रण. मग तिला सुती सदरा चढवला आणि गाडीनं आम्ही बुयोला निघालो. नदीकाठची जुनी राजधानी बुयो तिचं माहेर.

तिची बॅग डिकीत होती. दुसऱ्या दिवसापासून ती वृद्धाश्रमात राहणार होती. हे मी तिला सांगितलं नव्हतं. सांगून लक्षातही राहिलं नसतं. दोन वर्षांपासून ती मला ओळखत नव्हती.

जुन्या राजधानीतला दगडी स्तूप पाहिला, राजाच्या तळ्यातली कमळं पाहिली. कमळाच्या पानात वाफवलेला भात तिनं निम्मा सांडला. मग नावेनं गोरानसा मठाकडे गेलो. तेराशे वर्षांपूर्वी इथलं राज्य बुडालं तेव्हा अंतःपुरातल्या बायकांनी जिथून नदीत उड्या टाकल्या, तो खडक मठाच्या बरोबर वर आहे.

मठामागे झरा आहे. मी लांब दांड्याची पळी आत घातली.

"जपून हं, ताई!" मागून एक म्हातारा म्हणाला. "एका पळीला वय तीन वर्षांनी कमी होतं. एक जण हावरटासारखा प्याला, बायको शोधत आली तर इथं तान्हं बाळ रडतंय!"

मी हसले. पाणी तपासणं हे माझं काम. हे पाणीही मी तपासलेलं आहे. थंड, थोडं जड, एरवी निर्दोष.

आई प्यायली. ओठ पुसले.

"ओक्रान, किती पिकलीस गं! नवऱ्याला जेवायला घालतेस, की त्या काचेच्या नळ्यांपुढेच बसतेस?"

माझं नाव. मी घाईनं पळी पुन्हा भरली. ती प्यायली आणि माझ्या लग्नातल्या भांडणावर खिदळली. पुन्हा भरली. ती माझ्या शाळेच्या डब्याबद्दल बोलू लागली. पळ्या मोजणंही मी सोडलं; मला थांबवेना.

मग तिनं पळी अदबीनं बाजूला सारली.

"पुरे हो, काकू."

काठी तिथंच टाकून ती चढणीला लागली. चेहरा म्हातारीचाच होता, पण मला धाप लागली आणि तिला नाही.

वर खडकावर पोचले तेव्हा ती कठड्यापलीकडे उभी होती. मी तिचा हात धरला.

"सोडा, काकू."

"आई, इकडे ये."

"आई?" ती हसली. दुसरा हात पोटावर ठेवला. "अजून झाले नाही. याचा बाप फौजेत गेला. पत्राला उत्तर नाही."

लहानपणी ती मला सांगायची. "तू पोटात होतीस तेव्हा या खडकावर एका अनोळखी बाईनं माझा हात धरला नि म्हणाली, 'हे पोर तुला कधी टाकणार नाही.' म्हणून तू आहेस."

वाक्य मला पाठ होतं. फक्त म्हणायचं होतं.

"हे पोर तुला..."

"काय?"

डिकीतली बॅग आठवली. तिच्या टॉवेलवर मी रात्री नाव शिवलं होतं.

"तुला कधी..."

ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

"खोटं बोलायला जमत नाही तुम्हाला," ती म्हणाली आणि कठडा ओलांडून अलीकडे आली. "घाबरू नका. मी कशाला मरू? गावात एक म्हातारी आहे. पोट पाडायचं औषध देते."

परतीच्या नावेत ती पुन्हा वाकलेली होती. मांडीवर काठी होती.

"लेक वाटतं, आजी?" नावाड्यानं विचारलं.

"छे! मला कुठलं मूलबाळ? पण बाई चांगली आहे बिचारी. मघापासून हात धरून बसलीय."

वाऱ्यानं तिचा सदरा वर सरकला. नीट करायला मी हात आत घातला. बेंबीखालची कातडी सुरकुतलेली होती, मऊ होती. मी बोट वरून खाली फिरवलं, मग पुन्हा खालून वर.

कातडी अखंड होती.