अमरावतीचं भाडं

नागपूरच्या कर्बभार संशोधन केंद्रात उन्हाळ्यात दिवसभर पडदे ओढलेले असत. कुमुदताई वैरागडे निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी खिडकीजवळचं टेबल अजून त्यांचंच होतं. आज त्या आल्या त्या कापडी पिशवी छातीशी धरून. पिशवीत मातीची नवी घागर होती.

"अक्षय तृतीयेची तयारी वाटतं, मॅडम?" शबाना काझीनं विचारलं. ती त्यांची विद्यार्थिनी, आता केंद्राची प्रमुख.

"माझा पराग येतोय अमरावतीहून. त्याच्या बाबांच्या नावाची घागर त्यानंच भरायची. चिंचवणी करणार आहे, वाटीभर तुलाही आणीन. पण तुझं तोंड का उतरलंय?"

"मंत्रालयातून विचारणा आलीय. म्हाताऱ्या आईवडिलांना भेटायला जायचं भाडं सगळीकडे चढतंय म्हणे. सूत्र दुरुस्त करा म्हणतात. दुपारी नव्या सचिवांना ते समजावून सांगायचंय. तुम्ही आम्हाला पहिल्या तासाला सांगायचात, तसं सांगा ना एकदा."

कुमुदताई हसल्या. घागर टेबलावर ठेवून त्या बसल्या.

"धुराची किंमत लावायची, हे तर ठरलंच होतं. गाडीच्या धुराची आणि घर गार ठेवण्याचीही. पहिल्यांदा ती सगळ्यांना सारखी लावली. मग काय झालं? बंगलेवाले वातानुकूलन चालवत राहिले आणि पत्र्याच्या घरातले कूलर बंद झाले. माझी आई वणीला आजारी होती. बसचं भाडं असं वाढलं की पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत सगळं संपलं होतं."

शबानानं त्यांच्यापुढे पाणी सरकवलं. एक घोट घेऊन त्या पुढे म्हणाल्या,

"तेव्हा ठरवलं, मिळकत बघून भागणार नाही. झळ मोजायची. हातातलं नाडीकडं माणसाची नाडी, घाम, श्वास सतत टिपतं. एखादा प्रवास त्यानं रद्द केला की त्या क्षणी जीव किती कळवळला, ते त्यात उमटतं. जितकी कळ मोठी, तितका त्या प्रवासाचा दर कमी. कळ फारच मोठी असेल तर शून्य. आणि जे सोडून काहीच दुखत नाही, त्याचा दर चढत जातो. घरातली खोली गार ठेवण्यालाही हाच नियम. त्यामुळे धूर कमी होतो आणि कुणाचं काळीज तुटत नाही."

"आणि लोकांना सांगायचं, उत्पन्न आणि गरज बघून दर ठरतो."

"खरं सांगितलं तर नाटकं करतील ना. मी घरातही कधी बोलले नाही."

"मग हे भाडं चढतंय, ते? नाडीकडी जुनी झाली असतील, मॅडम. संवेदक मंदावले असतील."

"मागच्या वर्षी मीच तपासलेत. चोख आहेत." कुमुदताईंचा आवाज जरा कडक झाला. "आकडा आवडला नाही म्हणून यंत्राला दोष देऊ नये."

तेवढ्यात परागचा फोन आला. कुमुदताईंनी सवयीनं फोनचा आवाज मोठा केला. हल्ली त्यांना कमी ऐकू यायचं.

"आई, ऐक ना, या वेळी जमेलसं दिसत नाही गं. भाडं बघितलंस? दिवाळीपेक्षा कितीतरी वर गेलंय. दर खेपेला बघतो, रद्द करतो, पुढच्या वेळी आणखी चढलेलं."

कुमुदताईंनी घागर जवळ ओढली.

"गंमत म्हणजे चिखलदरा निम्म्याहून कमी पडतो, घाट चढायचा असूनही. तिकडेच नेतो पोरांना. तुमच्या त्या यंत्राला विचार तरी, असं का म्हणून."

"मीच येऊ का तिकडे?"

"ये की. फक्त तुझी खोली बंद केलीय. ती गार ठेवायचा दर इतका चढला की परवडेना. हॉलमध्ये झोपावं लागेल, चालेल?"

तो खोटं बोलत नव्हता. लहानपणीही त्याला खोटं बोलता यायचं नाही. लाडू चोरला तरी ओठावर कण घेऊन समोर यायचा.

"राहू दे रे," त्या म्हणाल्या. "यंत्रच बिघडलंय. सांगते मी यांना. तू जा पोरांना घेऊन. वर गार असतं, स्वेटर घाल त्यांना."

"बघ, मी म्हणतच होतो." त्याचा आवाज मोकळा झाला. "ठेवू?"

फोन बंद झाला. शबाना खाली बघत होती. तशीच ती म्हणाली, "मॅडम, अपवाद घालता येईल. आईवडिलांच्या भेटी सगळ्यांनाच फुकट. मग तोही..."

"मग तो येईल. भाडं नाही म्हणून." कुमुदताईंनी चष्मा पुसला. "सचिवांना सांग, सूत्र बरोबर आहे."

शबाना गेल्यावर त्यांनी टेबलावरचा संगणक जवळ ओढला आणि स्वतःसाठी नागपूर ते अमरावती भाडं विचारलं. शून्य. त्यांनी प्रवास रद्द केला. डोळे मिटून, श्वास सावरून, घागरीच्या गार कडेवर हात ठेवून थोडा वेळ बसल्या. मग एखादा रुपया तरी चढला का, हे पाहण्यासाठी पुन्हा विचारलं.

शून्य.