ढिगाऱ्याखालचा कोंडीबा

माझे आजोबा सयाजी भुताखेतांवर कधीच विश्वास ठेवत नव्हते. म्हणूनच त्यांनी सांगितलेलं हे मी खरं मानतो. ज्यांना पटणार नाही, त्यांनी इथंच थांबावं.

साल १९४६. श्रावण महिना. भर दुपार.

ठिकाण, जत तालुक्यातली एक धनगरवस्ती.

आजोबा रहिमतपूरचे. लढाई संपल्यावर पलटणीतून सुटले आणि पलटणीतल्या दोस्ताला, जतच्या कोंडीबाला, सोबत घेऊन चांद्याकडे एका कोळशाच्या खाणीवर लागले. खाणीतून निघालेल्या दगडमातीचा तिथं डोंगराएवढा ढिगारा होता. पावसात तो सरकू नये, हे बघायचं काम या दोघांचं. आजोबांनी रोज सकाळी माथ्यावर जाऊन भेगा पडल्यात का ते बघायचं. भेग नाही असं त्यांनी वरून सांगितलं, की मगच कोंडीबानं पायथ्याशी उतरून पाण्याचे चर मोकळे करायचे.

एका सकाळी ढिगारा सरकला.

कोंडीबा खालीच होता. दुसऱ्या दिवशी सापडला. आजोबांनी स्वतःच्या हातानं त्याला माती दिली.

त्याच्या घरी कुणालाच खबर नव्हती. आजोबा त्याची वळकटी घेऊन निघाले आणि तिसऱ्या दिवशी वस्तीवर पोचले.

दारात कोंडीबाची बायको भामाबाई ज्वारी पाखडत होती. त्यांना बघून हसली.

"या भावजी. तुमी येणार, म्हणलं व्हतं."

"कुणी म्हणलं?"

"धन्यांनी की. सकाळच्यालाच आल्यात. समदं आंग काळं. म्हागं आंगूळ करत्यात. बसा."

आजोबा बसले नाहीत.

घरामागून आवाज येत होता...

तांब्या बुडायचा. पाणी पडायचं. पुन्हा तांब्या बुडायचा.

वाड्यातली मेंढरं एका कोपऱ्यात दाटून उभी होती. एकही ओरडत नव्हतं.

"काय बोलला का?" आजोबांनी कसंबसं विचारलं.

"लय न्हाई बोलत. एकच इचारत्यात... सयाजी माथ्यावर चढला व्हता का न्हाई?"



ढिगारा सरकला त्या सकाळी आजोबा माथ्यावर चढलेच नव्हते. पाऊस होता, अंगात कणकण होती. निम्म्यातूनच त्यांनी हाक दिली होती, "भेग न्हाई रं, उतर."

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. खाणीच्या साहेबालाही नाही.

मागचा पाण्याचा आवाज थांबला...

भामाबाई अंग पुसायला धडपा घेऊन मागं गेली. हळू आवाजात काहीतरी बोलली. परत आली.

"म्हागं या म्हणत्यात. तुमच्या तोंडनं ऐकायचं हाय."

आजोबा गेले नाहीत. वळकटी उंबऱ्यावर ठेवली आणि तसेच रस्त्याला लागले.

कोंडीबा मेलाय, हे त्या बाईला त्यांनी सांगितलंच नाही.

महिन्याभरानं पत्र टाकून कळवलं. वस्तीवरच्या मास्तरांच्या अक्षरात उत्तर आलं. एका कार्डावर दोनच ओळी...

'हे घरीच आहेत. तुमची वाट बघतात.'

आजोबा पुन्हा कधी जतकडे फिरकले नाहीत. १९८१ ला ते गेले. त्यांच्या पेटीतलं ते कार्ड आता माझ्याकडे आहे.

त्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

ते उत्तर देणं आता माझ्यावर आलंय का... मला कळत नाही.