चढावर उतरणारी बॅटरी

"इंजिन बंद करू नका!"

चावीकडे गेलेला माझा हात तिथेच थबकला. धुक्यातून एक माणूस पळत येत होता… खांद्यावर वायरचं वेटोळं, एका पायात चप्पल, दुसरी कुठेतरी मागे निसटलेली.

"तुमच्या मागच्या खोलीतला दिवा बघा, किती पिवळा पडलाय," तो धापा टाकत म्हणाला. "बॅटरी उतरत आलीय. आता इंजिन बंद केलंत तर मिळतंय तेवढंही बंद होईल."

मी आधीच भित्री. त्यात समोर उरलेला घाट, दोन हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं, आणि हा अनोळखी माणूस माझ्या मनातली भीतीच मोठ्यानं बोलून दाखवत होता. पण काय करणार, तो गाड्यांची वायरिंग करणारा निघाला आणि मला नेमका तोच हवा होता.

आमच्या ट्रकच्या पाठीवर एक खोली बसवलेली आहे. तेच आमचं घर आणि तेच माझं दुकान. गावोगाव फिरून मी डोळे तपासते, चष्मे करून देते. बाबांनी जन्मभर हा ट्रक चालवला. छाती बिघडली तेव्हापासून स्टिअरिंग माझ्या हाती आलं आणि ते शेजारच्या सीटवर गेले. त्यांचं प्राणवायूचं मशीन मागच्या खोलीत असतं, आणि नळी मधल्या छोट्या खिडकीतून त्यांच्या नाकापर्यंत येते. मशीन चालतं मागच्या बॅटरीवर. ती बॅटरी भरते इंजिन फिरलं की वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर. घाटरस्ता लागल्यापासून मात्र ती नीट भरत नव्हती. जवळच्या छोट्या सिलिंडरवर जेमतेम तासभर निघाला असता, आणि छातीचे डॉक्टर घाटापलीकडे होते.

त्यानं फ्यूज पाहिले, वायर चाचपली, मीटर लावलं.

"सगळं ठणठणीत आहे. भरतेय की!"

"मग रस्त्यावर काय होतं तिला?"

"ते रस्त्यावरच कळेल. दुकानात भाऊ आहे माझा. मी येतो मागे बसून."

आणि तो खरोखरच जाऊन माझ्या पलंगावर बसला, बॅटरीशेजारी. खुंटीवर माझे कपडे लटकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघालो. डावीकडे कडा, उजवीकडे… उजवीकडे नुसतं पांढरं.

"चौदा!" खिडकीतून आवाज आला. "चौदा व्होल्ट, एकदम झकास. अहो, पण किती घाबरत चालवता!"

"मग काय गाणी म्हणू?"

"म्हणा की. मीटरची हरकत नाही."

आरशात तो दिसत होता. मीटर हातभर लांब धरून डोळे बारीक करत होता.

"जवळचं दिसत नाही वाटतं तुम्हाला?"

"दिसतं… थोडं लांब धरलं की."

"तपासून घ्या एकदा."

"घेतो. पण दोन्ही डोळे वेगवेगळे तपासा हं… घाई नको."

माझे कान तापले. शेजारी बाबा खोकले. तो खोकला छातीचा नव्हता, हे मला चांगलं कळलं.

तेवढ्यात पहिला मोठा चढ लागला.

"गेलं!" मागून तो ओरडला. "वायरमध्ये काहीच येत नाहीये!"

मशीन पीं पीं करू लागलं. बाबांचे ओठ पांढुरके दिसत होते. थांबायला जागा नव्हती, मागे वळायला त्याहून नव्हती.

"ओढ, पोरी, थांबू नकोस," बाबा म्हणाले.

वर सपाटी आली आणि आवाज आपोआप थांबला. "आलं परत!" तो म्हणाला. यावेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. पुढच्या चढाला पुन्हा तेच झालं. चढ लागला की वीज गायब, सपाटी आली की हजर. वाटलं, हा घाटच बाबांना गिळायला बसलाय. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायलाही हात सोडवेना.

"काका," खिडकीतून अगदी हळू आवाज आला, "तुमचा हात सीटखाली काय करतोय?"

पुढच्या वळणावर रस्ता जरा रुंद होता. तिथे मी ट्रक कडेला घेतला आणि वाकून पाहिलं. सीटखाली जुनं पितळी बटण होतं, पुढची बॅटरी मागच्या बॅटरीला जोडणारं. प्रत्येक चढाला बाबा ते गुपचूप बंद करत होते आणि चढ संपला की चालू.

"बाबा! स्वतःचाच श्वास तोडत होतात तुम्ही?" मी अक्षरशः किंचाळले.

"चढाला इंजिनावर भार नको म्हणून…" ते खाली बघत म्हणाले. "तुझी आई अशाच एका चढावर गेली. इंजिन बंद करून थांबलो होतो, मागे दिवे चालू राहिले, त्यांनी पुढची बॅटरी पिऊन टाकली. ट्रक पुन्हा सुरू झालाच नाही. ती मागे दुखण्यानं तळमळत होती, मी चावी फिरवत होतो… नुसती चावी फिरवत होतो. माझं काय व्हायचं ते होवो. तू या कड्यावर अडकून पडू नयेस, बस."

आई ट्रकमध्ये गेली, एवढंच मला माहीत होतं. ते माझ्यासाठी घाबरत होते, मी त्यांच्यासाठी. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडले.

तो खाली उतरून दाराशी उभा होता. हसला नाही, शहाणपणाही शिकवला नाही.

"काका, चार्जिंगचा भार या इंजिनाला जाणवणारसुद्धा नाही. पण दुसरी भीती खरी आहे. इंजिन बंद असताना हे बटण चालू राहिलं, तर मागचे दिवे पुढची बॅटरी खाणारच. माझ्या हत्यारांच्या पिशवीत रिले आहे, तो इथे बसवतो. इंजिन चालू झालं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडेल, बंद झालं की तोडेल. कुणी काही दाबायला नको."

"आणि तो फसला तर?" बाबांनी विचारलं.

"इथेच बघू या ना."

बाबांना सिलिंडरवर ठेवून आम्ही इंजिन बंद केलं. एवढी शांतता मला सहन होईना. मी वायर धरली, तो पकडीनं आवळत होता. बोटांना बोटं लागली… दोघांचीही गार.

"हे चाललं नाही तर?" मी कुजबुजले.

"तर मी ढकलेन."

"ट्रक? चढावर?"

"तुम्ही गाणं म्हणणार असाल तर डोंगरही ढकलेन."

इतक्या भीतीतही मला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचीच मला जास्त भीती वाटली.

काम झाल्यावर त्यानं मागचे सगळे दिवे लावले, पंखा लावला आणि मशीनही सुरू केलं. मग ते सगळं पुढची बॅटरी खातं का, हे बघायला तो थांबून राहिला. सिलिंडरचा काटा तळाशी टेकत आला होता. शेवटी त्यानं बाबांना माझ्या जागेवर बसवलं आणि चावी त्यांच्या हातात दिली.

"तुम्ही फिरवा, काका."

बाबांनी चावी लावली. मी डोळे गच्च मिटले. एक घरघर झाली… आणि इंजिन धडधडून उठलं! बाबा स्टिअरिंगवर कपाळ टेकून लहान मुलासारखे रडले. त्यानंतर चढांमागून चढ आले आणि मशीन एकदाही ओरडलं नाही.

घाटापलीकडच्या गावात डॉक्टरांनी बाबांना तपासलं, दोन दिवस ठेवून घेतलं. "वेळेवर आणलंत," म्हणाले.

मी त्याला बसथांब्यावर सोडायला गेले. परतीची बस उभीच होती. आम्ही दोघंही बसच्या चाकाकडे बघत राहिलो.

"येतो मग," तो म्हणाला. पायरीवर एक पाय ठेवला.

"थांबा," मी म्हणाले. "मी फार भित्री आहे. पण हे न बोलता तुम्हाला जाऊ दिलं, तर त्याची भीती जन्मभर पुरेल. तुम्ही… तुम्ही मला आवडलात. जाऊ नका ना."

त्याचा पाय पायरीवर तसाच राहिला.

"अहो, चढायचंय की नाही?" कंडक्टर खेकसला.

"नाही," तो म्हणाला, माझ्याकडे बघतच.

बस निघून गेली. धूळ खाली बसली. रस्त्यावर आम्ही दोघंच उरलो.

"आता?" मी विचारलं.

"आता मला भीती वाटतेय," तो म्हणाला. "खरंच. खूप."

"मलापण."

मी त्याचा काळा, तेलकट हात धरला. मी तो सोडला नाही.