दुसऱ्या बाजूचा दांडा

आता पुन्हा सांगू? पोट्टेहो, तुमाले झोप येत नाही अन् माह्या जिवाले घोर. ते मोबाईल खिशात टाका, नाही तं उठा. मधात कोणी "खरंच का?" म्हणलं का मी बंद.

कय्यूम ऑपरेटर माह्याच हाताखाली शिकला. वरवट बकालच्या रस्त्यावर एक मोठं सबस्टेशन, तिथं त्याची रातपाळी. साल दोन हजार चौदा, अकरा नोव्हेंबर, मंगळवार. कपाशीचं ओलित रातच्याच लाईनीवर चाले.

दीड वाजता घंटी वाजली. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं तेल कमी झालं म्हणून. कय्यूमनं खालूनच बॅटरी मारून वरच्या टाकीचा काटा पाह्यला. काटा अर्ध्यावर! घंटी म्हणते कमी, काटा म्हणते पुरे. खरं पाहाचं तं लाईन बंद करा, दोन्ही बाजूनं अर्थिंगचे दांडे अडकवा म्हणजे चुकून आलेला करंट जमिनीत जाईन, मंगच शिडी चढा. नियम हा. पण आमची रीत निराळी. चालू लाईनीत चढाचं, कपाशीची वाळली काडी, म्हणजे पऱ्हाटी, टाकीत बुडवाची, किती भिजली ते बोटांनं मोजाचं. दोन वर्साआधी अर्जुनराव लाईनमन याच शिडीवर जळून मेला, ते असंच मोजता मोजता.

घंटी ऐकून गेटवर किसनराव आला. त्याचं वावर लागूनच.

"कय्यूमभाई, लाईन बंद करू नको बाप्पा! लाल्या रोगानं अर्धी कपाशी खाल्ली. आज पाणी भेटलं तं उरलीसुरली बोंडं वाचतीन."

"अन् मी जळलो तं?"

"वंगाळ नको बोलू बे. अर्जुनराव किती खेपा चढे!"

"एका खेपेले उतरला नाही न तो."

कय्यूमनं भाऊराव साहेबाले फोन लावला. साहेब झोपेत. "चढ न बे! पऱ्हाटी बुडव अन् मोकळा हो."

कय्यूमनं पऱ्हाटी उचलली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

वरून आवाज आला.

"चार बोटं."

तंबाखू गालात धरून बोलल्यासारखा. अर्जुनराव असाच बोले.

कय्यूमनं बॅटरी वर मारली. कोणी नाही.

"तीन..."

ट्रान्सफॉर्मर घुमत होता. बाकी चूप.

"दोन..."

कय्यूम पळाला. खटका पाडला. समदीकडं अंधार. गेटवरून शिव्या. तेल पाहून लाईन लवकर चालू करू, असं म्हणत त्यानं एकाच बाजूले दांडा अडकवला. होताच एक. दुसरा पावसाळ्यात मोडला, नवा काही आला नाही.

चढला. झाकण काढलं. पऱ्हाटी बुडवली.

कोरडी. पार कोरडी.

तेवढ्यात खाली... फट्ट! निळा उजेड. मंग काही नाही...

दुसऱ्या टोकाच्या ऑपरेटरनं चुकून उलटी लाईन सोडली होती. त्या बाजूले दांडाच नव्हता, कय्यूम उघडा होता. तिथंच मराले पाह्यजे होता. मेला नाही.

सकाळी सहाले ड्युटीवर मी गेलो. कय्यूमचा दांडा त्याच्या जागी. अन् दुसऱ्या बाजूले... आणखी एक. नीट अडकवलेला. टोक वितळलेलं. मूठ तेलानं ओली.

कय्यूमनं हात लावला नाही. मीही नाही.

स्टेशनात दांडा एकच होता, हे मी साहेबाले तोंडावर सांगितलं. चारचौघांत मले म्हणे, "दांडे पहिलेपासून दोन होते. म्हातारा खोटारडा हाय, हुकुमाबिगर लाईन बंद करणाऱ्या पोट्ट्याले वाचवते." रिटायर होऊन शेगावले बसला हाय आता. माफी मांगाले अजून आला नाही, तो भाऊराव.