तक्रारीचा रकाना

कपिल मला पहिल्यांदा दिसला तो माझ्याच खोलीतल्या वजनकाट्यावर. सांगलीच्या इस्पितळात मी आहारतज्ज्ञ. पेशंट जाईबाई बाजूला स्टुलावर बसलेल्या, आणि त्यांचे चिरंजीव चपला काढून काट्यावर उभे!

"पेशंट कोण आहे?"

"आई हाय. पर काटा मोकळा दिसला, म्हणून..." तो हसला. अठ्ठावन्न किलो. आटपाडीचा शाळामास्तर, आणि हसणं मात्र — जाऊ दे. मला राग आला होता.

जाईबाईंचं चार वर्षं पोटाचं डायलिसिस चालू होतं. दिवसातून चारदा पोटात पाणी सोडायचं, काढायचं. त्या पाण्याबरोबर अंगातली प्रथिनंही जायची. त्यात दोनदा पोटात संसर्ग झालेला. बाई वाळून काटकी झाल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन महिन्यांत रक्तातली प्रथिनं वाढली नाहीत तर हे घरचं डायलिसिस बंद करून इस्पितळातल्या मशीनवर घ्यायचं. म्हणजे आठवड्यातून तीनदा आटपाडी-सांगली एसटी. तेवढं बळ त्यांच्यात नव्हतं.

मी रोज सहा अंड्यांचं पांढरं लिहून दिलं. सोबत एक वही. तीन रकाने: काय खाल्लं, तक्रार, सल्ला.

महिन्याने वही आली. मोत्यासारखं अक्षर, रोज सहा अंडी, तक्रार 'काही नाही'. आणि रक्ताचा रिपोर्ट आधीपेक्षा खाली!

"मास्तर, थापा मारता?"

"आवं न्हाई, मॅडम! रोज सोत्ता उकडतो, आईच्या ताटात वाढतो, लिवतो आन् मगच शाळंला जातो."

मी कपाळावर हात मारला... आणि नजर त्याच्या शर्टावर गेली. पोटावरचं बटण कसंबसं तग धरून होतं.

"काट्यावर उभे राहा."

"मी?"

"तुम्हीच!"

बासष्ट.

जाईबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोरगं सैपाक करतंय, शाळा करतंय, माझं पाणी बदलतंय. त्येला सोडून म्या एकटी अंडी गिळू व्हय? त्येच्या डब्यात भरत हुते."

"आई! तू तर म्हनलीस, शेजारची मनुबाई देतीया!"

"मनुबाईच्या कोंबड्या पिवळं नसलेली अंडी घालतात?" मी किंचाळले. "शाळेत शिकवता तरी काय?"

तो खाली बघत म्हणाला, "...विज्ञान."

देवा! मी वहीत लाल शाईने लिहिलं: पांढरं आईला, दोन पिवळी मास्तरांना. एकाच वेळी, समोरासमोर बसून. आई संपवेपर्यंत मास्तरांनी उठू नये.

पुढचा महिना मी चिडचिडतच काढला. आटपाडीचा फोन लागत नव्हता, कॅलेंडर पुढे सरकत नव्हतं. हा राग नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ते आले. रिपोर्ट चढलेला! डॉक्टरांनी मशीनचं नाव काढलं नाही. जाईबाईंच्या गालावर जरा मांस दिसत होतं. मी हसत वही उघडली.

काय खाल्लं: आईने सहा, मी दोन.

तक्रार: मॅडम महिन्यातून एकदाच भेटतात. आई बरी झाली तर तेवढ्याही भेटणार नाहीत.

मी वर पाहिलं. मास्तर घाबरून पुन्हा काट्यावर जाऊन उभे होते, काटा सोडून सगळीकडे बघत.

"काय लिवलंय गं पोरी?" जाईबाईंनी विचारलं. "अंडी वाढवतीस का काय?"

"नाही मावशी," मी म्हटलं, आणि सल्ल्याच्या रकान्यात लिहिलं:

दर रविवारी यावे. आधी काट्यावरून उतरावे.