१४२८५७ ची फुगडी

हसायचं तर हसा, पण आधी ऐका. मी पेडण्याकडच्या एका गावात गणित शिकवते, भुताखेतांच्या गोष्टी सांगत फिरणारी बाई नव्हे.

स्नेहसंमेलनासाठी मी सहा मुलींची फुगडी बसवली होती. गळ्यात पुठ्ठे, त्यांवर आकडे: एक, चार, दोन, आठ, पाच, सात. ही संख्या मोठी लबाड. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्नला दोनानं गुणा, तिनानं गुणा, सहापर्यंत कशानंही गुणा, उत्तरात तेच आकडे त्याच क्रमानं फिरतात, सुरुवात तेवढी वेगळ्या मुलीपासून. मी मध्ये उभी राहून ओरडायचे, मुली गरगर फिरून थांबायच्या आणि उत्तर म्हणायच्या. सात माझ्या सेजलच्या गळ्यात, तिच्या शेजारी एकवाली गौरवी.

शाळेचं अंगण खणून ठेवलेलं, म्हणून संध्याकाळी मुलींना मांडावर नेलं. पौषात बायका रात्री फेर धरून धालो खेळतात ते सारवलेलं अंगण; शेवटच्या रात्री पूजा करून मांड मोडतात, म्हणजे खेळ संपवतात. मांडाची देखभाल करणारी देवकीमावशी धावत आली.

"बाय, मांड अजून मोडूक नाय. हंय धरल्लो हात मांड मोडल्याबगर सुटाचो नाय."

"मावशी, हे गणित आहे, धालो नव्हे," मी फाडकन म्हटलं. ती पुटपुटत निघून गेली.

सहापर्यंत झकास झालं. अंधारून आलं होतं. "पुरे गं, सोडा हात."

फुगडी थांबली नाही.

"आई... हात सुटना गो..." सेजल रडत होती, पण पाय फिरतच होते. सारवणाचा ओला वास उठला. मी दोघींच्या मधून वाकून निघायला गेले, तर त्यांचे हात खाली आले. दुसरीकडे वळले, तिथंही तेच. देवा रवळनाथा! मी आत कोंडले गेले होते आणि माझी पोर धापा टाकत होती.

"तिनानं!" मी ओरडले. त्या थांबल्या, उत्तर म्हणाल्या, परत सुरू. सातानं गुणून काय, सहाच नऊ येणार, गोल तसाच राहणार. आठानं मात्र सात आकडे येतात. शेवटचा सात फुटतो: एक अगदी पुढं जातो, सहा मागं उरतो. सहा मुलींना ते म्हणताच येणार नाही, गोल मोडेल, असं मला वाटलं.

"आठानं!"

त्या थांबल्या. "एक..." सेजल आणि गौरवीच्या मधून आवाज आला. आवाज सेजलचा होता... तिचे ओठ मिटलेले होते. मग गौरवी म्हणाली, "एक." चार, दोन, आठ, पाच. शेवटी सेजल म्हणाली, "सहा."

हात सुटले. मुली रडत घराकडे पळाल्या. मी सेजलला धरलं आणि मागं न बघता घरी आणलं.

ती जेवत होती, तोच फोन वाजला. देवकीमावशी कुजबुजत होती.

"बाय, तुजां सेजल हंयच रवलां मगे... एकटांच फिरता. 'आई खंय' म्हूण रडता..."

फोन मी कानाशी घट्ट धरला होता. तरी सेजलनं ताटावरून मान वर केली.

"आई, तिका घरात घेव नको."